पणतूचा रुपया



विषय रुक्ष आहे, हे आम्ही आधीच कबूल करून टाकतो. दिवसभराच्या उन्हानंतर माणसे वसंत व्याख्यानमालेला येतात ती अंगाला थोडा वारा लागावा आणि कानाला काही बरे ऐकू यावे म्हणून. त्यांच्यापुढे व्याजाची आकडेमोड मांडणे हे काही रसिकतेचे लक्षण नव्हे. पण ही आकडेमोड ज्या पाण्याविषयी आहे, ते आपल्या घरच्या माठातले आहे. तेवढ्यासाठी आपण आम्हांला तासभर सहन करावे.

आरंभ आपल्या परिचयाच्या भांडणापासून करू. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील धरणे आहेत. खालच्या अंगाला पैठणचा नाथसागर आहे. पाऊस कमी झाला की वरची धरणे भरतात आणि आपला जलाशय तहानलेला राहतो. मग मोर्चे निघतात, वकील उभे राहतात. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि खोऱ्यातील पाणी समन्यायाने वाटावे हे तत्त्व कागदावर आले. पुढे २०१४ साली प्राधिकरणाचा निवाडा झाला, २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे तत्त्व उचलून धरले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपर्यंत आहे की नाही, हा आकडा आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो.

या साऱ्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. परंतु पैठणचा माणूस नाशिकपासून दूर राहतो, सबब त्याची तहान दर कोसामागे नऊ टक्क्यांनी कमी मोजावी, असा युक्तिवाद वरच्या अंगाच्या कोणत्याही वकिलाने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. केला असता तर न्यायालयात हशा पिकला असता. तहान ती तहान. तिला कोसांचा वटाव लावण्याची कल्पनाच कोणाला शिवत नाही.

मात्र अंतर कोसांऐवजी वर्षांचे असले की मोठमोठी शहाणी माणसे हेच गणित खुशाल करतात. शंभर वर्षांनंतर पैठणला जो मनुष्य पाणी भरील, तो आपल्या खालच्या अंगाचा आहे. आपण त्याचे नाशिककर आहोत. त्याला मोर्चा काढता येत नाही, वकील देता येत नाही, आणि त्याच्यासाठी १५ ऑक्टोबर कधी उजाडत नाही. त्याच्या तहानेला अर्थशास्त्र जो वटाव लावते, तोच आमचा आजचा विषय.

वटाव हा शब्द व्यापाऱ्यांना नवा नाही. सहा महिन्यांनी शंभर रुपये देणारी हुंडी आजच रोख करून हवी असेल, तर सावकार शंभर देत नाही. मुदतीचे व्याज कापून पंचाण्णव-शहाण्णव देतो. कापलेली रक्कम हा वटाव. हुंडीच्या व्यवहारात यात गैर काहीच नाही, कारण देणारा आणि घेणारा दोघेही जिवंत आहेत, समोरासमोर बसले आहेत आणि राजीखुशीने सौदा करीत आहेत. सरकार किंवा नियोजनकर्ते धरणाचा, कारखान्याचा, रस्त्याचा ताळेबंद मांडतात तेव्हाही हीच रीत वापरतात. पुढील वर्षांत होणारे फायदे आणि तोटे आजच्या रुपयांत उतरवून घेतात. फरक इतकाच की हुंडीचा दुसरा पक्ष येथे अजून जन्मलेला नाही.

आता आकडे पाहा. १९८३ साली नितीन देसाई समितीने पाटबंधारे प्रकल्पांसाठी शिफारस केली की प्रकल्पाचा परतावा सामान्यतः दरसाल किमान ९ टक्के असावा. अवर्षणप्रवण व डोंगराळ भागांत ७ टक्के चालेल. याचा अर्थ भविष्यातील लाभाला ९ टक्क्यांचा वटाव लावूनही खर्च भरून निघाला पाहिजे. आमच्यासारख्या दुष्काळी मुलखाला दोन टक्क्यांची सवलत मिळाली, आणि ती सद्भावनेनेच दिली होती यात आम्हांला शंका नाही. पण चक्रवाढीचा हिशेब करून पाहिला. शंभर वर्षांनी होणारे एक कोटी रुपयांचे नुकसान ९ टक्के वटावाने आज केवळ सुमारे १,८०० रुपयांचे ठरते. ७ टक्क्यांनी केले तर सुमारे ११,५०० रुपयांचे. अठराशे रुपयांत चांगली सायकलही येत नाही. शंभर वर्षांनी हा जलाशय गाळाने निकामी होईल असे एखाद्या अभियंत्याने छातीठोकपणे सिद्ध केले, तरी हिशेबाच्या अंतिम ओळीत त्याच्या म्हणण्याला कोटीमागे एका जुन्या सायकलीएवढेच वजन पडेल. अभियंता खोटा ठरत नाही. त्याचे म्हणणे फक्त नगण्य ठरते.

हेच गणित उलट्या दिशेने करून पाहू. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, तेच हे आपले शहर. तेथे त्याने पाणी आणले ते उत्तरेकडच्या डोंगराच्या पोटातील झऱ्यांचे. जमिनीखालून बांधीव मार्गाने, उतारानेच, कोणत्याही यंत्रावाचून. त्याच तंत्राच्या नहरी पुढे आणखी झाल्या, आणि पाणचक्कीचे जाते ज्या पाण्याने फिरत असे तीही अशीच एक नहर. अंबर १६२६ साली वारला. नहर-ए-अंबरीने त्याच्यामागे तीनशे वर्षांहून अधिक काळ या शहराला पाणी पाजले. त्याच्या दरबारात आजचा एखादा तज्ज्ञ बसला असता आणि त्याने ९ नव्हे, केवळ ५ टक्के वटाव धरला असता, तर तीनशे वर्षांनंतरच्या एक लाख रुपयांच्या पाण्याची त्या दिवशीची किंमत साडेचार पैशांहूनही कमी भरली असती. आमच्या आजोबा-पणजोबांची सगळी तहान साडेचार पैशांत! मलिक अंबर आमच्यावरील प्रेमाने नहर खोदीत होता असे आम्ही म्हणत नाही. त्याला नव्या शहरासाठी आणि फौजेसाठी पाणी हवे होते. पण काम टिकाऊ करावे की तात्पुरते, हा प्रश्न जेव्हा केव्हा पुढे आला असेल, तेव्हा त्याच्यापाशी वटावाचे कोष्टक नव्हते ही आपली सुदैवाची गोष्ट होय.

अर्थशास्त्रज्ञांना हे दिसत नाही काय? दिसते, आणि त्यांच्यातील थोरांना फार लवकर दिसले. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात सांगितले की दूरची सुखदुःखे आपल्याला लहान दिसतात, हा आपल्या दृष्टीचा दोष आहे, त्या सुखदुःखांचा नव्हे. त्यांच्यामागून १९२८ साली फ्रँक रॅमसे या पंचवीस वर्षांच्या गणितज्ञाने एक निबंध लिहिला. राष्ट्राने आपल्या उत्पन्नापैकी किती खावे आणि किती मागे टाकावे, हा त्याचा प्रश्न होता. वृद्धीच्या सिद्धांताचा पाया म्हणून हा निबंध आजही शिकवला जातो. पुढच्या पिढ्यांच्या सुखाला केवळ ती पुढची आहेत म्हणून कमी मोजणे नीतीला धरून नाही, असे रॅमसेने आरंभीच बजावले होते. तो १९३० च्या जानेवारीत, सत्तावीस पुरी होण्याआधीच वारला. हॅरॉड यांनी १९४८ मध्ये याहून कठोर भाषा वापरली. त्यांच्या मते ही वृत्ती म्हणजे हावरेपणाच, फक्त सभ्य नावाने वावरणारा.

मग वटाव आला कोठून? थोडा न्याय दुसऱ्या बाजूलाही दिला पाहिजे. रॅमसेने वटाव शून्य धरून गणित केले तेव्हा उत्तर असे आले की राष्ट्राने उत्पन्नाचा इतका मोठा भाग शिल्लक टाकावा की तेवढा कोणी शहाणा माणूस सुचवणार नाही. पुढे येणाऱ्या पिढ्या अगणित, आपण एकटे. अगणितांच्या पारड्यापुढे आपले पारडे नेहमीच वर जाणार, आणि आज राबणाऱ्याने पोटाला चिमटा घेतच मरायचे. शिवाय काळाला अंतच नसेल तर सुखांची बेरीजही अनंत होते आणि एका अनंताची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही, हा गणिताचा पेच निराळाच. १९६५ साली अमेरिकेत कास आणि कूपमन्स यांनी रॅमसेचा प्रश्न नव्याने मांडला. वटाव धरला की बेरीज आवाक्यात येते, समीकरण नीट सुटते. योगायोग असा की त्याच १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला जायकवाडीची कोनशिला बसली. (धरण पैठणचे आणि नाव जायकवाडीचे, याचे नवल वाटणाऱ्यांसाठी सांगतो: मूळ योजना बीड जिल्ह्यातील त्या नावाच्या गावाजवळची होती. धरण वर सरकले, नाव तेच राहिले.) पुढे पाठ्यपुस्तकांत रॅमसेचे नाव राहिले, वटावही राहिला; रॅमसेचा आक्षेप तेवढा तळटिपेत गेला.

आमच्या मते गोंधळ होतो तो वटाव या एका शब्दात दोन भिन्न वस्तू बांधल्या आहेत म्हणून. पहिला वटाव समृद्धीचा. माझा नातू माझ्याहून दसपट श्रीमंत होणार असेल, तर त्याच्या हातातील जादा रुपयाचे मोल माझ्या हातातील रुपयाहून कमी, हे आम्हांला मान्य आहे. भुकेल्याची भाकर आणि धाल्याची भाकर एक नव्हे. दुसरा वटाव अधीरतेचा. नातू श्रीमंत असो की भिकारी, तो नंतर जन्मला एवढ्याच अपराधासाठी त्याचे सुख कमी मोजायचे. पहिल्याला कारण आहे. दुसऱ्याला कारण नाही, फक्त सोय आहे. २००६ साली इंग्लंडमध्ये निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलावर अहवाल दिला आणि अमेरिकेतील नॉर्डहाउस यांनी त्यावर टीका केली, तेव्हा दोघांचे विज्ञान जवळजवळ एकच होते. एकाने अधीरतेचा वटाव ०.१ टक्के धरला होता, दुसऱ्याने १.५. एक म्हणाला, ताबडतोब मोठा खर्च करा. दुसरा म्हणाला, सावकाश चढत्या क्रमाने करा. जगापुढील एवढ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे त्या एका दशांशावर फिरले.

परंतु समृद्धीचा वटाव तरी डोळे मिटून धरावा काय? नातवाकडे आपल्यापेक्षा चांगला दूरध्वनी असेल, चांगले औषध असेल, हे आम्ही मानतो. पाणी अधिक असेल, असे कोणत्या आधारावर मानायचे? धान्याऐवजी दुसरे धान्य खाता येते, लाकडाऐवजी लोखंड वापरता येते. पाण्याऐवजी काय प्यावे हे अजून कोणी शोधलेले नाही. नाथसागराचा एकूण साठा सुमारे १०२ अब्ज घनफूट धरलेला आहे. त्यातील सुमारे २६ अब्ज घनफूट मृतसाठा. हा भाग कालव्याच्या पातळीखाली राहतो, आणि गाळाला जागा असावी म्हणूनही तो राखतात. म्हणजे मूळ आराखड्यातच पुढच्या पिढ्यांसाठी एक कोपरा सोडलेला होता. गाळ मात्र सांगितल्या जागी बसत नाही. गढूळ प्रवाह जेथे मंदावतो तेथेच तो ओझे टाकतो, म्हणजे पसरट जलाशयाच्या वरच्या उथळ भागात, उपयुक्त साठ्याच्या जागेत. दरसाल थोडाथोडा. कोणत्याही एका वर्षी त्याची बातमी होत नाही. आणि दुसरीकडून, २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत उपयुक्त साठा संपला तेव्हा आपण मृतसाठ्यातून पाणी उपसले. उपसणे भाग होते. माणसे तहानेने मरू द्यायची नसतात. आम्ही इतकेच दाखवतो की ज्या नातवाच्या संपन्नतेच्या भरवशावर आपण वटाव कापतो, त्याच्या वाट्याच्या कणगीत आपला हात आजच पोचलेला आहे. ज्या वस्तूत नातू आपल्याहून गरीब होण्याचा संभव आहे, त्या वस्तूपुरता समृद्धीचा वटावही शून्यावर, किंबहुना शून्याखाली, आला पाहिजे. हा आमचा हट्ट नव्हे, त्याच सिद्धांताचा सरळ निष्कर्ष आहे.

येथे श्रोत्यांपैकी कोणीतरी मनात म्हणत असेल की, महाराज, पणतूचे राहू द्या. आज ज्याच्या घरी टँकर येत नाही त्याचे काय? हा आक्षेप आम्ही सर्वांत मोठा मानतो. १९५६ साली दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. महालनोबिस यांच्या आराखड्याने भर दिला तो अवजड उद्योगांवर, म्हणजे आज कमी खा, उद्या अधिक पिकेल. त्या वर्षाच्या आरंभी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, अखेरीस मुंबई राज्यात. दोन्हीकडे तो दरिद्रीच होता. येथल्या शेतमजुराने आपल्याहून सुखी होणाऱ्या नातवासाठी उपाशी का राहावे? अमर्त्य सेन यांनी १९६१ मध्ये आणि सुखमय चक्रवर्ती यांनी १९६२ मध्ये बचतीच्या योग्य प्रमाणावर लेख लिहिले. तरुण भारतीयांनी हा प्रश्न हाती घ्यावा यात नवल नव्हते. तो त्यांच्या देशात रोज उपाशी झोपत होता. जायकवाडीत ज्यांची गावे बुडाली त्यांनाही विचारा, भविष्यासाठी त्याग म्हणजे काय. ठरवणारे एक असतात आणि त्याग करणारे दुसरेच असतात.

शिवाय गरिबाची अधीरता हा अवगुण नसतो. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला शेतकरी आणखी एक बोअर मारतो, पहिल्याहून खोल, काळ्या पाषाणाच्या फटींत शतकानुशतके मुरलेले पाणी उपसतो. त्याला पुढच्या पिढीची पर्वा नाही असे शहरातल्या माणसाने म्हणू नये. तो आपल्या मुलासाठीच बोअर मारतो. सावकाराच्या व्याजानेच त्याचा वटाव ठरवलेला असतो.

मात्र आजचा भुकेला विरुद्ध उद्याचा तहानलेला अशी लढत लावून देणे आम्हांला मान्य नाही, कारण याच महाराष्ट्राने ती लढत एकदा मोडून दाखवली आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला गेली. त्यातून वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. ज्याच्या पोटात आज भूक आहे त्यालाच मजुरी द्यायची, आणि त्या मजुरीतून बांध, नालाबंडिंग, पाझर तलाव उभे करायचे. भाकर आजची, पाझर उद्याचा. योजनेत पुढे काय काय घुसले हे आपण जाणता. खडीचे ढीग आणि खोटी हजेरीपत्रके आम्हीही ऐकून आहोत. तलावही गाळाने भरले, आणि २०१७ साली तो काढून शेतात नेण्याची वेगळी योजना आणावी लागली. पण बचतीचा भार उपाशी माणसावर न टाकताही पुढच्या पिढीसाठी काही राखता येते, एवढे तिने सिद्ध केले. वृद्धीच्या पाठ्यपुस्तकातील समीकरणात एकच प्रातिनिधिक मनुष्य असतो, तोच खातो आणि तोच राखतो. म्हणून ही वाट त्याला सापडत नाही.

आता एक आमचा स्वतःचा विचार मांडतो. तो विद्वानांना कदाचित बालिश वाटेल. आपल्याकडे दामदुप्पट नावाचा एक जुना नियम होता. धर्मशास्त्रातून आलेला, आणि ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मानलेला. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. शंभराचे दोनशे झाले की पुढचे व्याज थांबले. आपल्या पूर्वजांना चक्रवाढ कळत नव्हती असे नव्हे. ती अमर्याद सोडली तर माणसाला गिळते हे त्यांना कळले होते. हाच नियम वटावाला लावला तर? बहात्तराला दराने भागावे म्हणजे दुप्पट होण्याची वर्षे मिळतात. ९ टक्क्यांनी आठ वर्षे. आठ वर्षांत भविष्यातील रुपया आठ आण्यांवर येईल, आणि तेथे थांबेल. सत्तर वर्षांनी येणाऱ्या पणतूचा रुपया आजच्या रीतीने पाव पैशाचा भरतो. दामदुपटीने तो कायम आठ आण्यांचा राहील. बरोबरी नव्हे, पण माणूस म्हणून मोजले जाण्याइतके वजन.

हे अगदीच हास्यास्पद नसावे. इंग्लंडच्या अर्थखात्याने २००३ पासून सरकारी प्रकल्पांसाठी उतरता वटाव स्वीकारला आहे. पहिल्या तीस वर्षांना ३.५ टक्के, मग टप्प्याटप्प्याने कमी, आणि तीनशे वर्षांपलीकडे १ टक्का. त्यांची उपपत्ती निराळी. भविष्यातील व्याजदरच अनिश्चित, म्हणून दूरच्या काळाला नीच दर लावावा, अशी. पण लांबच्या माणसावर चक्रवाढ बेलगाम सोडू नये, हा मुक्काम दोघांचा एकच आहे.

नियम बदलणे आपल्या हाती नाही, तोवर एक लहान गोष्ट सुचवतो. ज्या गोदावरीवर आपण अवलंबून आहोत तिच्याच वरच्या अंगाच्या गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी धनंजयराव गाडगीळांनी केली आणि ती १९४८ साली गोखले संस्थेने प्रसिद्ध केली. कालव्याचा लाभ म्हणजे केवळ सरकारजमा पाणीपट्टी नव्हे. मजूर, गाडीवान, कारखाना, बाजारपेठ यांना काय मिळाले तेही मोजावे, असा तिचा आग्रह होता. ताळेबंदात त्यांनी नवे रकाने वाढवले. तसाच आणखी एक रकाना वाढवावा. पाण्याच्या कोणत्याही योजनेच्या अहवालात, वटाव कापलेल्या आकड्यांशेजारी, वटाव न कापता लिहावे की पन्नासाव्या वर्षी किती पाणी उरेल, शंभराव्या वर्षी किती. जलाशयात किती गाळ, भूगर्भात किती पातळी. रुपयांत नको, घनफुटांत लिहा. घनफुटांना व्याज लागत नाही.

या शहरासाठी पैठणहून येणाऱ्या पाण्याच्या योजनांवर सभा होतात, अहवाल येतात, आपल्यापैकी अनेक जण त्या सभांना जातात. पुढच्या सभेत अहवालाची प्रत हाती आली की तो रकाना कोणत्या पानावर आहे, एवढे उभे राहून विचारावे. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. आता आपले प्रश्न आम्ही ऐकू.